हिरव्या भिंतीचा पहिला हात

चोपन्न सालच्या वैशाखात नाचणगावच्या महादेवरावांच्या बैठकीत रंगकाम चालू असताना कवडू पेंटर शिडीवरून पडला आणि त्याचं उजवं मनगट मोडलं. महादेवराव कापडाचे व्यापारी. मुलीचं लग्न नऊ दिवसांवर. चारपैकी एकच भिंत झाली होती, पण ती हिरवी भिंत अशी चकाकत होती की येणारा-जाणारा थबकून बघायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी कवडूची बायको कमला कुंचले घेऊन दारात उभी राहिली.

"उरलेलं काम मी करते, भाऊ."

"बाई मानूस रंग लावनार?" महादेवराव हसले.

"बारा वर्सं झाली, घरी रंग मीच घोटून देते... लावतात ते, पन बनवते मी."

महादेवरावांची बायको यशोदाबाई आतून म्हणाली, "करू द्या तिले. दुसरा पेंटर कुठून आनता आता?"

कमलाने कोऱ्या भिंतीवर तळवा घासला. तळवा पांढरा झाला. भिंतीला जुना डिस्टेंपर होता, सरसाचा, पाण्याने सुटणारा. ती झालेल्या भिंतीकडे गेली आणि कोपऱ्यात नख लावलं. हिरवा पापुद्रा कांद्याच्या सालीसारखा निघून आला. कवडूने घाईत डिस्टेंपरवरच तेलाचा रंग मारला होता.

गप्प राहता आलं असतं. लग्नापर्यंत भिंत टिकली असती.

"भाऊ," ती म्हणाली, "ही भिंत खरडा लागते."

"काऊन? इतकी चांगली दिसून राह्यली!"

तिने पापुद्रा त्यांच्या हातावर ठेवला. महादेवरावांनी तो बोटांत चुरगळून पाहिला. "कवडूनं हे केलं?"

"घाई होती. पन चूक हाय. लग्नाच्या आत नीट करून देते."

घरी हे ऐकताच कवडू खाटेवर उठून बसला. "माह्या भिंतीले तूच खरवडते? गावात माह्यं नाव घालवलं तू!"

"चार महिन्यांनी भिंत सोलून निघाली असती, तवा नाव राह्यलं असतं का?"

तो भिंतीकडे तोंड करून झोपला. ती न जेवता उठली.

त्या दिवसापासून कमला उजाडताच जायची. आधी हिरवा रंग खरवडून काढला, मग चिंध्या आणि कोमट पाण्याने चारही भिंतींचा जुना डिस्टेंपर तिने चुन्यापर्यंत धुतला. खांदे भरून आले. दोन दिवस ऊन-वाऱ्याला भिंती वाळू दिल्या. महादेवराव रोज विचारायचे, "आता तरी लावते का?" आणि ती म्हणायची, "अजून ओल हाय."

मग खालच्या अर्ध्या भिंतीला तिने पहिला हात दिला. सफेदा म्हणजे पांढरा रंग, थोडं जवसाचं तेल आणि पातळ करायला भरपूर टर्पिन. तो हात पातळ, कोरडा, अगदी निस्तेज दिसला. यशोदाबाईचाही चेहरा पडला.

"हा चमकत नाई व!"

"चमकायचा नाईच. यानं चुना धरायचा, बाई. चमक शेवटच्या हाताची."

दुसऱ्या हातात तिने तेल वाढवलं, हिरवा घातला. मधे काचकागदाने हलकं घासलं. तिसऱ्या हातात तेल आणखी वाढवून जरासं वार्निश सोडलं. वरच्या अर्ध्या भागाला मात्र नवा पांढरा डिस्टेंपर, बिनचमकीचा, म्हणजे उजेड डोळ्यांवर येऊ नये. लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी काम संपवून तिने कुंचला रॉकेलमध्ये बुडवला.

संध्याकाळी कवडू आला, हात गळ्यात बांधलेला. त्याने सगळी बैठक फिरून पाहिली.

"वार्निश किती टाकलं?"

"पावशेराच्या आत."

"अजून टाकलं असतं तं आरसा झाला असता."

"आनि वर्साच्या आत तडकला असता."

कवडूने डाव्या हाताचं बोट भिंतीवरून फिरवलं. तेवढ्यात महादेवराव पाहुण्यांना घेऊन आत आले. "हे आमचे कवडू पेंटर. पाहा काय काम केलं!"

"माह्यं नोय, भाऊ," कवडू म्हणाला. "मी बिघडवलं होतं. हिनं केलं."

कमलाने पदराने कपाळ पुसलं. गालावर हिरवा पट्टा उमटला. एका पाहुण्याने लगेच तिलाच विचारलं, "वडनेरले आमची ओसरी हाय. येता का?"

"येते," ती म्हणाली. "पन आधी भिंत पाहीन."