भरवशाचं सँडर

यंत्राची निवड ही अखेर माणसाच्या चारित्र्याची निवड असते. हे वाक्य मी हत्यारांच्या दुकानात, काउंटरवर हात टेकून, योग्य जागी थांबत उच्चारलं. विक्रेता म्हणाला, "साहेब, जरा सरकता का? मागच्यांना स्क्रू हवेत."

मी सरकलो. पण माझी तयारी सरकण्यातली नव्हती. महिनाभर मी डिस्क सँडर या विषयाचा अभ्यास केला होता. गरगर फिरणारी उभी तबकडी, तिच्यावर चिकटवलेला खरखरीत सँडपेपर आणि पुढ्यात लाकूड टेकवायला लहानसं लोखंडी टेबल, एवढंच ते यंत्र. पण मनावर घेतलं तर एवढ्याशा गोष्टीतही पीएचडी मावते. मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. विषय छोटा आहे म्हणून तो लवकर संपवायची मला सवय नाही. मोटरची ताकद, तबकडीचा व्यास, हमीची मुदत, सगळं तोंडपाठ होतं. लाकडाशी माझा प्रत्यक्ष संबंध मात्र खुर्चीपुरता, आणि तोही पाठमोरा.

सँडर हवं होतं बायकोला. ती दातांची डॉक्टर. वर्षानुवर्षं लोकांच्या जबड्यात डोकावून तिनं केसाएवढी कामं केली आणि मग उजव्या हाताला बारीक थरथर सुरू झाली. "आजार नाही, पण जाणारही नाही," असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. तोवर एकाही पेशंटला ओरखडा उठला नव्हता. तरी हिनं दवाखान्याचं शटर स्वतः खाली ओढलं, घरी आली आणि चहा ओतताना म्हणाली, "ओरखडा उठायची वाट बघायची नसते." मला तिचा इतका अभिमान वाटला, की कपबशीचा किणकिणाट आपण ऐकलाच नाही असं मी ठरवून टाकलं.

मग तिनं मागची खोली रिकामी केली, करवत आणली आणि लाकडी खेळणी करायला घेतली, आधी गाड्या. गाडी अडली चाकांपाशी. करवतीनं कापलेलं चाक दरवेळी बटाट्याच्या वळणावर जाई. सँडरवर ते गोल होईल का, म्हणजेच हात अजून रेघेवर चालतो का, हा खरा प्रश्न होता. तो घरात कुणी मोठ्यानं विचारत नव्हतं.

अपवाद मेहुण्याचा. तो आमची गाडी चालवायला म्हणून आला आणि दुकानात शिरताच सल्लागार झाला.

"भावोजी, तुम्ही तरी समजवा हिला. असल्या हातानं फिरतं मशीन? ताई, त्यापेक्षा विणकाम घे ना. छान वेळ जातो."

"तुझी अक्कलदाढ काढली तेव्हा तू खुर्चीत रडला होतास," ती म्हणाली. "मी आजवर कुणाला सांगितलं नाही."

विक्रेत्यानं कान टवकारले. मेहुणा स्क्रू बघायला निघून गेला.

यंत्राची माहिती पुरुषाच्याच तोंडाकडे बघून सांगायची असा दुकानाचा नियम असावा. विक्रेता माझ्याशी बोलत होता आणि मीही जाणकारासारखी मान डोलावत होतो. माझ्या यादीतलं पहिल्या क्रमांकाचं चकचकीत मॉडेल त्यानं पुढे ठेवलं. "साहेब, हे डोळे झाकून घ्या."

बायकोनं डोळे उघडे ठेवून टेबलाची कड अंगठा आणि बोटात धरली आणि हळूच मागेपुढे केली. ती पकड मी ओळखतो. तिच्यामागून सहसा वाईट बातमी येते.

"हलतंय."

"मॅडम, तेवढं चालतं."

"कधीपासून हलतंय?"

विक्रेता चक्क आठवू लागला.

दुसऱ्या मॉडेलचं टेबल घट्ट निघालं. ते तिनं चालू करायला सांगितलं, लगेच बंद करायला सांगितलं आणि तबकडी थांबेपर्यंत मान तिरकी करून ऐकत राहिली. "आत किरकिर आहे. बेअरिंग वर्षभरात ठणकायला लागेल." विक्रेत्यानं कान लावला. त्याला काही ऐकू आलं नाही. मलाही नाही, पण मी "हो ना" म्हणालो.

तिसरं कोपऱ्यात पडलं होतं. बेढब, करड्या रंगाचं, माझ्या यादीत शेवटूनही न सापडणारं. त्याचं टेबल हललं नाही. बंद केल्यावर तबकडी एखादं जड दार मिटावं तशी निवांत थांबली. बायकोनं पर्समधून गोल रेघ आखलेलं चाक काढलं, गॉगल चढवला आणि यंत्र पुन्हा चालू करायला सांगितलं.

"ताई, उडवेल ते!" मेहुणा स्क्रू टाकून धावत आला.

"तबकडीच्या वर जाणाऱ्या बाजूला धरलं तर उडवेल. मी खाली येणाऱ्या बाजूला धरतेय. तीच दाबून धरते लाकूड."

चाक तबकडीकडे नेताना तिचा हात थरथरत होता. सगळ्यांना दिसावं इतका. दुकान गप्प झालं असं लिहायचा मोह होतो, पण पलीकडे कुणीतरी बिजागऱ्यांचा भाव करत होतं. गप्प मी झालो.

मग तिचं मनगट टेबलावर टेकलं आणि थरथर त्या लोखंडात कुठेतरी मुरून गेली. चाक सावकाश फिरू लागलं. भुसा पडत राहिला, लाकूड रेघेकडे सरकत राहिलं आणि अगदी रेघेपाशी येऊन तिनं हात काढून घेतला. चाक तिनं काउंटरवर सोडलं. ते स्क्रूच्या डब्यांशेजारून, अजिबात न डगमगता, पार टोकापर्यंत घरंगळत गेलं.

विक्रेता पहिल्यांदाच तिच्याकडे वळला. "मॅडम, आधी कुठं काम करायचात?"

"तोंडात," ती म्हणाली आणि गॉगल पुसू लागली. पुसायला बराच वेळ लागला. डोळेही पुसायचे होते.

'माझी बायको आहे' असं दुकानाला सांगायला मी छाती भरून घेतली, तेवढ्यात मेहुणा बिजागऱ्यावाल्याला म्हणाला, "माझी ताई आहे ती."

सँडर मागच्या खोलीत बसलं आहे. त्यानं एकदाही दगा दिलेला नाही, आणि तिच्या हातानंही नाही. घरी येणाऱ्याला मी पाण्याआधी चाक दाखवतो, घरंगळवूनही दाखवतो. एक रेघ साधली की ती लगेच दुसरं चाक आखायला घेते. चाकांनी आता दोन टोपल्या भरल्यात.

गाडी अजून एकही झालेली नाही.