नाचणीचा दाणा

मित्रांनो, मी एक जुनी फौजी ट्रंक आहे. माझ्या झाकणावर पांढऱ्या रंगात लिहिलेलं 'आकाराम' हे नाव आता पुसट झालंय. १९७४ साली आकाराम फौजेतून मेढ्याजवळच्या आपल्या गावी कायमचा परत आला, तेव्हा त्याची सारी पुंजी माझ्या पोटात होती.

फौजेत माझी फार निगा राहिली. दर रविवारी तो मला पुसायचा, बिजागऱ्यांना तेल द्यायचा. पण बराकीतल्या चोऱ्या बघून तो संशयी झाला, आणि त्याच्यासोबत मीही. घरी आल्यावर त्यानं मला कुलूप घातलं, किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधली आणि कडीच्या खाचेत नाचणीचा एक दाणा ठेवला. कुणी कडी हलवली, की दाणा पडणार. घरात तो आणि त्याची बायको हरणाबाई, दोघंच. म्हणजे चोर कोण, हे त्यानं आधीच ठरवून टाकलं होतं.

हरणाबाई रानातला हिरडा गोळा करून विकायची. पहिले पैसे तिनं त्याच्या हातावर ठेवले.

"छपराला कौलं घालू. असू द्या तुमच्यापाशी."

"येवढं कुठनं आनलंस?" त्यानं डोळे बारीक करून विचारलं. तिला ते फार लागलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी तो मेढ्याला गेला, तेव्हा ती केसातला आकडा काढून माझ्यापुढं बसली. कुलूप हलकं होतं, लगेच उघडलं. खरं सांगते, मलाही तिचा संशय आला. पण तिनं काही घेतलं नाही. जुन्या गणवेशाच्या घडीखाली एक पुरचुंडी ठेवली आणि कुलूप पुन्हा लावलं. खाली पडलेला दाणा तिला दिसलाच नाही.

आकारामला दिसला. त्यानं आपल्या नोटा पाहिल्या. त्या जशाच्या तशा होत्या, तरी त्याचं समाधान होईना. आज नाही तर उद्या नेईल, असं त्याच्या मनानं घेतलं. तीन बाजार दाणा पडलेला सापडला, की तो पुन्हा खाचेत ठेवत राहिला. चौथ्या बाजारी त्यानं दाणा तिच्यापुढं धरला.

"माज्या पेटीला कोन हात लावतंय? म्हायेराला काय धाडतीस?"

मला तोंड असतं तर मी ओरडून सांगितलं असतं. हरणाबाईनं आपली लुगडी गाठोड्यात बांधली आणि दारात थांबून एवढंच म्हणाली, "आवं, घडीखाली बगा. लय दिस झालं, तुमी वरवरच बगताय."

त्यानं गणवेश उचलला. खाली चार पुरचुंड्या होत्या, हिरड्याचा वास लागलेल्या. त्यानं एकेक सोडली, तर आत हिरड्याचे पैसे होते. मला त्याची दया आली आणि रागही आला.

महिन्यानं तो तिला माहेराहून घेऊन आला. छपरावर कौलं चढली. त्यानं माझं कुलूप काढून टाकलं, नाचणीचा दाणाही पुन्हा ठेवला नाही. पण येताना हरणाबाईनं मेढ्याच्या बाजारातून एक लहान पत्र्याची पेटी आणली होती, कुलपासकट. ती अजून माझ्या शेजारी आहे. तिची किल्ली कुठं असते, हे आकारामनं कधी विचारलं नाही.

मित्रांनो, पैशाला कुलूप जरूर लावा. पण घरच्या माणसाला किल्ली वेळेवर दाखवा. मी आता सताड उघडी असते, आणि माझ्यात कांदे ठेवतात.