मी गुमेरला माफ केलं

पुएर्तोमेराच्या फुटबॉल क्लबनं मला कोच म्हणून बोलावलं, तेव्हा माझ्या बायकोनं, नीएवेसनं, एवढंच विचारलं, "तेच गाव ना?"

"तेच," मी म्हटलं. दुसरं कुठून बोलावणंच नव्हतं.

मी डावा विंगर होतो. अकरा वर्षं खेळलो, त्यातली दोन पहिल्या विभागात. माझ्याकडे वेग होता, बाकी फारसं काही नव्हतं. गुडघा गेला तसा वेगही गेला. मग परीक्षा देऊन कोचचा परवाना काढला आणि दोन वर्षं फोन वाजायची वाट पाहिली.

पुएर्तोमेराशी माझा संबंध एका दुपारपुरता. सतरा वर्षांपूर्वी वरच्या विभागात जायचा निर्णायक सामना इथंच झाला. बरोबरी झाली असती तरी ते वर जाणार होते. चौऱ्याऐंशी मिनिटं शून्य-शून्य. मग मी कडेनं चेंडू घेऊन त्यांच्या पेनल्टीच्या चौकटीत घुसलो आणि त्यांचा कर्णधार गुमेरसिंदो घसरत माझ्या अंगावर आला. गावात त्याला गुमेर म्हणत. त्याचा पाय माझ्यापासून चांगला वीतभर लांब होता. मी पडलो. ओरडलो, पोटरी धरून दोनदा लोळलो. पंचानं शिट्टी फुंकली, गुमेरला लाल कार्ड दाखवलं. पेनल्टीवर आमचा गोल झाला, आम्ही वर गेलो. त्यांचा क्लब दोन वर्षांत बंद पडला. आताचा हा नव्यानं उभा केलेला.

तेव्हा मैदानात एकच कॅमेरा होता, तोही माझ्या पाठीमागं. खरं काय ते मला ठाऊक होतं, आणि गुमेरलाही ठाऊक असणार, असं मी धरून चाललो होतो.

म्हणून पहिल्या दिवशी माझा सहायक म्हणून तोच समोर आला, तेव्हा मी शिव्या ऐकायच्या तयारीनंच उभा राहिलो. तो सकाळी मासे डब्यात भरायच्या कारखान्यात काम करायचा आणि संध्याकाळी बचावफळीचा सराव घ्यायचा. त्यानं मला वरून खालपर्यंत न्याहाळलं.

"काय रे दामासो, पोट सुटलं की तुझं! आता तुला मीसुद्धा पळून गाठेन." आणि मिठीच मारली.

ऑक्टोबरात आम्ही एक सामना चार गोलांनी जिंकलो. दुपारी बारमध्ये गुमेर इथल्या रीतीप्रमाणे बाटली डोक्यावर धरून सायडर, म्हणजे सफरचंदाची दारू, ओतत होता. पेला माझ्या हातात देऊन तो हळूच म्हणाला, "एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी माझा पाय लागला तुला. मला काही जाणवलं नव्हतं, देवाशपथ. पण लागल्याशिवाय माणूस असा कळवळतो का? पंचाला शिव्या घातल्या, तुलाही घातल्या. माफ कर बाबा."

मी म्हणालो, "जाऊ दे रे. माफ केलं कधीच."

त्याच्या चेहऱ्यावर केवढं समाधान पसरलं! मी पेला रिकामा केला.

तरी मी गप्प राहिलो असतो, हेही कबूल करतो. पण महिन्याभरानं मी त्याला नव्या पोरांशी बोलताना ऐकलं. "चौकटीत पाय लांबवायचा नाही," तो सांगत होता. "माझ्याकडं बघा. माझ्या या एका पायानं क्लब बुडाला." पोरं हसली. एकानं त्याच्या पायाला खोटाखोटा सलाम ठोकला. तोही हसला. हे दरवर्षी असंच चालतं, असं मला नंतर कळलं.

सराव संपला. तो मैदानात मांडलेले सरावाचे शंकू गोळा करत होता. मी जवळ जाऊन म्हणालो, "गुमेर, तुझा पाय लागला नव्हता."

तो वाकला होता तसाच थांबला. "किती लांब होता?"

मी हातानं दाखवलं. तो माझ्या हाताकडं बघत राहिला.

"आणि मागच्या महिन्यात मी तुझी माफी मागितली, तेव्हा?"

मी जवळचा एक शंकू उचलून त्याच्यापुढं धरला.

"तू मला माफ केलंस," तो म्हणाला. शंकू एकात एक घालून झाल्यावर म्हणाला, "रविवारी सभासदांचं जेवण आहे. तिथं उभं राहून सांगायचं तुम्ही, मिस्टर."

इथं खेळाडू कोचला 'मिस्टर' म्हणतात. त्यानंतर तो मला कधीच 'तू' म्हणाला नाही.

रविवारी नव्वद माणसं होती. मी उभा राहून पुटपुटतच सगळं सांगितलं. "जोरात बोल!" मागून कोणीतरी ओरडलं. सगळं परत पहिल्यापासून सांगावं लागलं. पावाचा एक तुकडा खांद्यावर येऊन आदळला. अध्यक्ष एवेलिओ तोंड पुसून म्हणाले, "आत्ताच हाकललं असतं तुला. पण गुणतक्त्यात आपण चौथे आहोत आणि हंगामाच्या मध्यावर इथं कोण येणार? जूनपर्यंत थांब. मग पुन्हा तोंड दाखवू नकोस."

मंगळवारी सरावाला गुमेरची आई आली. ओबदुलियाबाई, चौऱ्याऐंशीच्या, काठी टेकत सरळ मैदानात.

"कुठं पडलास?"

मी दाखवलं.

"आणि माझ्या मुलाचा पाय?"

मी तेही दाखवलं. दोन्ही जागांच्या मधल्या गवताकडं त्या बराच वेळ बघत होत्या.

"इथल्या बाजारात बायका त्याच्या पायावरनं टोमणे मारायच्या. म्हणून सतरा वर्षं मी शेजारच्या गावातनं मासळी आणते," त्या म्हणाल्या. "त्याचं मला एवढं नाही. पण घरात मीही त्याला बोलले. तो म्हणायचा, आई, नाही गं लागला. मी म्हणायचे, खोटं बोलू नकोस. मग एक दिवस त्यानं 'नाही' म्हणायचंच सोडून दिलं."

गुमेर धावत आला. "आई, थंडी आहे, घरी चल," म्हणत त्यानं त्यांचा दंड धरला. त्यांनी त्याच्या जॅकेटची चेन गळ्यापर्यंत वर ओढली, लहान मुलाची ओढतात तशी. त्यांना फाटकापर्यंत सोडून तो परत आला. मी शिट्टी त्याच्या हातात दिली. सराव त्यानंच घेतला.

जूनमध्ये आम्ही पाचवे आलो आणि कोचपद गुमेरकडं गेलं. निघताना त्यानं हात मिळवला. "सांभाळून जा, मिस्टर." बोलण्यात राग नव्हता, ओलावाही नव्हता. ओबदुलियाबाईंच्या दारापर्यंत मी गेलो होतो. आतून भांड्यांचा आवाज येत होता. दार वाजवायला हात उचलला आणि तसाच माघारी वळलो.