'गिव्ह अप'चा सहावा अर्थ

लग्न ठरलं तेव्हा मावशीने बजावलं होतं, "मुलगा गुणी आहे, पण शब्दकोशाच्या कचेरीत आहे. ती माणसं शब्द घरी आणतात." मी हसण्यावारी नेलं. शब्दच ना, म्हटलं, आणून आणून किती जागा अडवतील?

इंग्रजी क्रियापदांच्या त्या कोशाचा नियम असा, की प्रत्येक अर्थ आधी कुणीतरी करून दाखवायचा, साक्षीदाराची सही घ्यायची आणि मगच छापायचा. यंदा नवऱ्याच्या वाट्याला 'गिव्ह अप' आलं. सवय सोडणे: चहा बंद. जागा देणे: बसमध्ये रोज उभा. प्रयत्न सोडणे: बरणीचं झाकण निघेना, तशीच फडताळात ठेवली. पोलिसांना शरण जाणे: हवालदाराने "गुन्हा काय?" विचारलं, तर याने सहीचा कागद पुढे केला. तासभर बाकावर बसवून, सही देऊन घालवला. आशा सोडणे: वॉशिंग मशीनच्या मेकॅनिकची वाट बघून तेही झालं. सही माझीच.

सहावा अर्थ त्याने खाली बघत वाचला. "आपलं मूल कायमचं दुसऱ्याच्या हवाली करणे."

आमचं बाळ आठ महिन्यांचं. मी त्याला उचललं ते उचललंच. पोळीसुद्धा एका हाताने लाटायला लागले.

"अगं, नुसती सही..."

"कायमचं लिहिलंय तिथे!"

"नोकरी जाईल."

"जाऊ दे."

रविवारी मुख्य संपादक फॉर्म घेऊन दारात. "वहिनी, अख्खं 'जी' अडलंय हो तुमच्यापायी." त्यांनी हात पुढे केले, आणि आमचं गद्दार बाळ झेपावलं की! मी घट्ट धरलं.

सासूबाई भाजी चिरत होत्या. "साहेब, मूल केवढं असावं, लिहिलंय का?"

संपादकांनी चष्मा चढवला. "तसं काही नाही."

"मग माझं न्या." त्यांनी सुरीच्या टोकाने माझा चौतीस वर्षांचा नवरा दाखवला.

"आई!"

"गप रे. नऊ महिने मी वाहिलंय, मी देणार. झोपेत घोरतं तेवढं, बाकी त्रास नाही."

साक्षीदार म्हणून मी सही केली. बाळ कडेवर होतं ना.

तो बॅग घेऊन संपादकांबरोबर गेला. दुसऱ्याच दिवशी मी कचेरीत, "परत द्या!"

संपादक हळहळले. "परत घेणं म्हणजे 'टेक बॅक', वहिनी. आपण 'जी'वर आहोत. 'टी' यायला नऊ वर्षं तरी धरा. मधलं गाळून पुढचं करता येत नाही."

भेटूही देत नाहीत. पहिलं घर आठवलं की मूल रुळत नाही म्हणे.

त्यांचं घर वाचनालयाच्या मागे, दुसरा मजला, निळी जाळी. त्या बाजूला गेलात तर जरा डोकावून याल का? धुळीने त्याला धाप लागते आणि तो सांगत नाही. उशाशी पंप आहे का, तेवढं बघा.