कॅमेऱ्याचं तोंड

“जो समाज डोळे मिटून झोपतो, त्याचा इतिहास चोर लिहितात!” भाऊसाहेब गरजले आणि त्यांच्या पायाखालचं स्टूल डुगडुगलं.

स्टूल त्यांचं नव्हतं. समोरच्या शिवणवाल्या ताईंकडून ते ‘पाच मिनिटांसाठी’ आणलं होतं. त्याचा एक पाय आखूड आहे, तिथे कापडाची घडी ठेवावी लागते, असं ताई सांगत होत्या. पण ऐकून घेण्याची सवय भाऊसाहेबांना कधीच नव्हती. कॅमेरा बसवायला आलेल्या वायरमनने त्यांच्या पोटऱ्या मिठी मारून धरल्या म्हणून इतिहास वाचला.

भाऊसाहेब निवृत्त तपासनीस. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी खुर्ची सोडली, तपासणी मात्र घरी आणली. गल्लीतला प्रत्येक माणूस म्हणजे अजून न सापडलेला गुन्हेगार, असा त्यांचा निष्कर्ष होता. मास्तर दळभद्री, पेपरवाला लबाड, कोपऱ्यावरचा दुकानदार तर चेहऱ्यावरूनच खोटा. सज्जन माणूस गल्लीत एकच होता आणि तो दाढी करताना आरशात दिसायचा.

वायरमनने छज्ज्याखाली भोक पाडलं, आतून इंटरनेटची तार ओढली, पाऊसपाणी शिरू नये म्हणून कडेने पुट्टी भरली आणि कॅमेरा बसवला.

“साहेब, तोंड तुमच्या फाटकाकडे करतो.”

“माझ्या फाटकातून कोण येतंय? वर्षभरात बेल वाजली नाही.” ती का वाजत नाही, हा प्रश्न तपासनिसाच्या कक्षेबाहेरचा होता. “समोर फिरव. त्या शिवणवालीच्या दारात दिवसभर बायकांची ये-जा असते. कळू दे, काय भानगड आहे ती.”

“बायका कपडे शिवायला येत असतील, साहेब.”

“तू तारा जोड, निष्कर्ष मी काढतो.”

मोबाइलवरची जुळवणीही त्यांनी स्वतःच केली. बॉक्समधलं माहितीपत्रक बाजूला भिरकावलं. सूचना ह्या हाताखालच्या माणसांनी वाचायच्या असतात! पडद्यावर समोरचं दार, ताईंची खिडकी, खिडकीतलं मशीन, सगळं लख्ख उमटलं. भाऊसाहेबांना फार वर्षांनी कामावर रुजू झाल्यासारखं वाटलं.

आठवडाभरात एक भानगड खरोखरच उघडकीस आली. ताईंच्या दारातली ये-जा थांबली. माप द्यायला आलेल्या बायका पायरीवर थबकत, वर त्या काचेच्या डोळ्याकडे बघत, पदर नाहीतर ओढणी सारखी करत आणि “नंतर येते हं,” म्हणून मागे फिरत. नंतर कुणी येत नसे. ताईंचं घर त्या एका मशीनवर चालायचं. खिडकीचा पडदा ओढला तर सुईत दोरा दिसत नव्हता आणि उघडा ठेवला तर गिऱ्हाईक टिकत नव्हतं.

शेवटी एका सकाळी त्या आल्या. “भाऊसाहेब, कॅमेरा लावलात, छान झालं. पण तेवढं तोंड जरा आपल्या फाटकाकडे वळवा ना. माझी गिऱ्हाइकं तुटायला लागलीत हो.”

“ज्याच्या मनात काही काळंबेरं नाही, त्यानं कॅमेऱ्याला कशाला घाबरायचं?”

 ताईंनी कमरेच्या पिशवीतून एक किल्ली काढली. भाऊसाहेबांच्या घराची ही जादा किल्ली कित्येक वर्षं त्यांच्याकडे असायची. हे कुटुंब गावाला गेलं की झाडांना पाणी घालणं, नळ तपासणं, संध्याकाळी दिवा लावणं, सगळं त्या करायच्या. कुणी सांगितलं नव्हतं आणि आभारही कुणी मानले नव्हते.

“मग ही ठेवा. आता घर बघायला कॅमेरा आहे.”

भाऊसाहेबांनी किल्ली स्वयंपाकघराच्या खिडकीजवळच्या खिळ्याला अडकवली. “बरी सुटली ब्याद,” ते म्हणाले.

त्या संध्याकाळी भाऊसाहेबांच्या पत्नी, गल्लीच्या वहिनी, लेकीकडे गेल्या होत्या. भाऊसाहेबांनी चहासाठी गॅसवर दूध ठेवलं आणि मोबाइल बरणीला टेकवून तपासणीला बसले. नुसतं बघून आता भागत नव्हतं, लोक आपल्याविषयी काय बोलतात तेही ऐकायला हवं होतं. पडद्याच्या कोपऱ्यात माइकचं चित्र होतं. त्यांनी ते दाबलं. ते बटण ऐकायचं नसून बोलायचं आहे, हे माहितीपत्रकात ठळक अक्षरांत छापलेलं होतं. माहितीपत्रक रद्दीत होतं.

“हे आले मास्तर!” भाऊसाहेब स्वतःशीच म्हणाले. “दुसऱ्यांच्या पोरांना अक्कल शिकवतात, स्वतःचा पोरगा मात्र तीनदा नापास!”

पडद्यावर मास्तर जागच्या जागी थांबले.

“आणि हा पेपरवाला. सायकल बघा, आणि त्याहून ते ध्यान बघा!”

पेपरवाल्याने ब्रेक दाबला. दुकानदार दुकानाबाहेर आला. शिवणवाल्या ताई खिडकीत उभ्या राहिल्या. सगळी गल्ली मान वर करून कॅमेऱ्याकडे बघू लागली.

“बघा, बघा! कसे चळाचळा कापताहेत!” भाऊसाहेबांना आनंद मावेना. “याला म्हणतात वचक! आणि ही शिवणवाली! किल्ली परत देऊन तोरा दाखवते. दोन टाके घालता आले की बाया स्वतःला राणी समजतात! आणि ह्या कोण? आमच्या थोरल्या भगिनी, आक्का! मधल्या गल्लीतून रोज संध्याकाळी माझा उद्धार करायला येतात. जिभेला हाड नाही. बरं आहे, इथलं त्यांना ऐकू जात नाही.”

आक्का कॅमेऱ्याखाली येऊन उभ्या राहिल्या. कमरेवर हात ठेवला.

“जातं रे, ऐकू जातं!” त्यांचा आवाज मोबाइलमधून आला आणि खिडकीतूनही आला. “सगळ्या गल्लीला ऐकू जातंय, मेल्या!”

भाऊसाहेबांच्या हातातला चमचा गळून पडला. तो पडल्याचा आवाजही गल्लीने ऐकला.

ते होते तसे, बनियन आणि टॉवेलवर, तार उपटायला बाहेर धावले. मागे वाऱ्याने दार लागलं. खट्! लॅच बसलं. किल्ल्या आत, मोबाइल आत, स्टूलही आत. बाहेर फक्त भाऊसाहेब, गल्ली आणि डोक्यावर तो कॅमेरा. उत्तम चित्र टिपत होता तो, पैसे अगदी वसूल!

तेवढ्यात कॅमेऱ्यातून खळखळ ऐकू आली.

“हे काय वाजतंय?” मास्तरांनी विचारलं.

“दूध!” भाऊसाहेब किंचाळले. “गॅसवर दूध आहे! उतू जाऊन ज्योत विझली तर घरभर गॅस होईल!”

“मग सांग की तुझ्या पहारेकऱ्याला, गॅस बंद कर म्हणावं,” आक्का म्हणाल्या.

“आक्का, थट्टेची वेळ आहे का ही?”

“थट्टा आठवडाभर तू करतोयस. घराला डोळा लावलास, पण तो स्वतःचं दार सोडून लोकांच्या दारात. अरे, कॅमेऱ्यात चोर दिसेल, दूध उतू गेलेलंही दिसेल, पण गॅस बंद करायला माणूसच लागतो! आणि ज्या माणसाकडे तुझी किल्ली होती, तिच्या पोटावर पाय देऊन तू तिला घालवलंस!”

भाऊसाहेबांनी दाराला खांदा लावला. दार हललं नाही. 

शिवणवाल्या ताई मात्र हे ऐकायला थांबल्याच नव्हत्या. त्या कापड मोजायची लांब लाकडी पट्टी घेऊन आल्या, स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजांतून ती आत सरकवली आणि खिळ्यावरची किल्ली टोकाला अडकवून अलगद बाहेर काढली. दार उघडलं, आत गेल्या, गॅस बंद केला, खिडक्या सताड उघडल्या. ओट्यावर दुधाचं तळं झालं होतं.

त्या बाहेर आल्या आणि किल्ली त्यांनी भाऊसाहेबांपुढे धरली.

भाऊसाहेबांनी ती घेतली नाही. टॉवेलची गाठ सावरत ते खालमानेनं म्हणाले, “ताई, ती तुमच्याकडेच राहू द्या. मी... मी फार वाईट वागलो. तुमच्याशी, मास्तरांशी, सगळ्यांशीच.”  त्यांच्या तोंडून असं वाक्य पहिल्यांदाच निघत होतं, त्यामुळे ते जरा गंजलेलं होतं, पण खरं होतं.

दुसऱ्या दिवशी वायरमन आला. कॅमेऱ्याचं तोंड भाऊसाहेबांच्या स्वतःच्या फाटकाकडे वळलं. ताईंच्या पायरीवर पुन्हा चपला दिसू लागल्या. आणि त्या संध्याकाळी भाऊसाहेबांनी सगळ्यांना फाटकाशी बोलावून (शर्ट घालून) सांगितलं,

“नागरिकहो! कॅमेरा जरूर लावा, पण त्याचं तोंड आपल्या दाराकडे ठेवा! दुसऱ्याच्या घरात डोकावणारा डोळा पहारा करत नाही, तो चोरीच करतो! शेजारी हीच खरी राखण आहे. संशयाने ती जाते आणि विश्वासाने—”

“अगदी खरं बोललात, भाऊसाहेब,” शिवणवाल्या ताई हळूच म्हणाल्या. “पण तेवढं माझं स्टूल द्याल का आता? आठवडाभर डब्यावर बसून मशीन चालवतेय हो.”