धूप, शाल आणि रुतलेलं जोडवं

भरदुपारी मागच्या खोलीत धूप.

जेठातल्या उन्हात अंगावर शाल.

उजव्या पायात रुतलेलं जोडवं. डाव्यातलं मात्र सैल, गोल फिरणारं.

वाटीत कोमट तेल.

नाशिकच्या यात्रेकरूंसाठी भिजवलेली डाळ, वाटायची राहिलेली.

ही सगळी लीलाची एकच दुपार. गर्भाशय काढण्याचं ऑपरेशन होऊन दुसरा आठवडा चालू होता. काशीतल्या ब्रह्मा घाटावरच्या त्या घरात यात्रेकरूंची पंगत कधी चुकली नव्हती. ती आपल्यामुळे चुकेल, हेच तिला खुपत होतं. ताप होता, ती म्हणे, अंग मोडून आलंय. अंगावरून जाणाऱ्या पाण्याला घाण वास येत होता. तिने धूप पेटवला. भटजींच्या घरात धुपाचं कोणाला काय वाटणार?

नणंद इरावती डबा घेऊन आली ती दारातच थबकली.

"वहिनी, या खोलीत कुठला देव बसवलात?"

"डास होते, वन्सं."

"भरदुपारी? आणि शाल कोणाला, डासांना?"

लीला हसायला गेली आणि तिचे डोळे भरले. इरावतीने तिच्या कपाळाला हात लावला, चटकाच बसला. शाल सारली तसा धुपाखालचा घाण वास आला. तिने पाय पाहिले. उजवी पोटरी तटतटलेली!

"दादा!"

लीलाचा नवरा शिवराम दाराबाहेरूनच बोलला, "सुजलाय म्हणे जरा. तेल काढून ठेवलंय, चोळलं की उतरेल. बाकी बायकांचं तुम्ही बघा."

"चोळायचं नाही! गुठळी असली तर सुटून छातीत जाईल. बायकांचं म्हणून तू डॉक्टरीणबाईंच्या खोलीतूनही पळालास ना? माझ्या ऑपरेशनच्या वेळी मला बजावलं होतं: ताप, घाण वास, एका पायाला सूज, जास्त रक्त, धाप. एक जरी दिसलं तरी लगेच या. इथे तीन आहेत, तीन!"

"डाळ वाटायची आहे..." लीला पुटपुटली.

शिवराम आत आला. त्या खोलीत तो ऑपरेशननंतर पहिल्यांदाच आला होता.

"काशीत आलेत, कचौडी खातील!"

गल्लीत गाडी येत नाही. त्याने खुर्ची आणली, शेजारच्या मुकुलला हाक मारली, "उधर से पकड़, भैया!" दोघांनी तिला खुर्चीसकट रस्त्यापर्यंत नेलं.

"मला सांगायचंस गं," रिक्षात तो म्हणाला.

"तुम्ही थांबता कुठे?"

जंतुसंसर्ग निघाला आणि पायात गुठळीही. "सही टाइम पर ले आए," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. औषधं सुरू झाली. या वेळी शिवराम खुर्ची ओढून बसला.

"मॅडम, सब फिर से बताइए. गंध वाली बात भी."

महिन्याभराने लीला पाटावर बसून हुकूम सोडत होती आणि शिवराम डाळ वाटत होता, जाडीभरडी. कोणी नावं ठेवली नाहीत.

मंडळी, ऑपरेशन झालेली बाई घरी आली की तिला रोज विचारा: ताप आहे का, वास येतो का, एक पाय सुजलाय किंवा दुखतो का, रक्त जास्त जातं का, धाप लागते का. नवऱ्याने विचारल्याने देव बाटत नाहीत. आणि बायांनो, अंगावर काढू नका. लाज झाकायला लावलेला धूप दुखणंही झाकतो!

ऑपरेशनला निघताना लीलाने दोन्ही जोडवी काढून इरावतीकडे दिली, तेव्हा ती सहज निघाली होती; घरी आल्यावर पुन्हा घातली आणि त्यातलं उजवं रुतलं, तेव्हाच पाय काहीतरी सांगत होता.