तीन दिवसांची ढाल

"परत जाळला गं माझा किल्ला!" बाबा फोनवर ओरडत होते. "कुठल्यातरी पैसेवाल्याचा कार्टा. काल सैन्य विकत घेतलं आणि आज माझ्या कोठारावर!"

तो बुधवार होता. मी कैरोत, ऑफिसच्या जिन्यात उभी होते.

"मग तुम्हीही घ्या ना विकत."

"मी? पोर्ट सईदच्या फेरीबोटीवर एकतीस वर्षं इंजिन सांभाळलंय मी. तेव्हा कुणाचे हात ओले केले नाहीत, आता खेळात करू?" मग आवाज उतरला. "शुक्रवारी येतेस? बोई मासा आणतो."

"काम आहे, बाबा."

"बरं, बरं. मासा काय, समुद्रातच आहे. कुठं पळतोय."

फोन ठेवून मी त्याच खेळात शिरले. तिथे माझं नाव सक्र, म्हणजे ससाणा. आई गेल्यावर बाबांनी हा मोबाइलवरचा खेळ धरला होता. त्यांचा किल्ला जळताना बघवेना, म्हणून मी गुपचूप त्यांच्या टोळीत सामील झाले. कार्डाने पैसे भरून सैन्य घ्यायचे, त्यांच्या तटावर उभं करायचे. कधी ढाल भेट पाठवायचे. ती असली की तीन दिवस हल्ला होत नाही. मित्राने दिलेलं नाकारू नये, असं बाबा टोळीला ऐटीत सांगत. मला पोर्ट सईदपर्यंतच्या तीन तासांच्या बसपेक्षा हे सोपं होतं.

ढाल पोचली. त्यांचा निरोप आला.

"सक्र बाळा, परत? म्हाताऱ्यावर कमाई उधळू नकोस. बाप आहे का तुला? शुक्रवारी त्याच्याबरोबर जेवत जा. माझी लेक रीहाम हुशार आहे, तिला वेळ नसतो. आली की अजून मीच काटे काढून देतो."

मी एक हसरा चेहरा पाठवला आणि कामाला लागले.

गुरुवारी पहाटे बाबांच्या शेजारणीचा, उम्म रजबचा, फोन आला. बाबा झोपेतच गेले होते. दुपारच्या नमाजानंतर दफन झालं. मग माणसं येत राहिली, बिनसाखरेची कॉफी पिऊन जात राहिली. शुक्रवारी उम्म रजबने कोंडा लावून भाजलेला बोई माझ्यापुढे ठेवला.

"खा. तुझ्या बाबांनीच कोळ्याला सांगून ठेवला होता. म्हणाले, नाही म्हणालीय, पण येईलही."

मी काटे काढत बसले. खाल्लं काहीच नाही.

शनिवारी दुपारी, शोकाच्या तिसऱ्या दिवशी, बाबांचा फोन खिडकीत चार्जिंगला लावला आणि खेळ उघडला. किल्ल्यावर ढालीचा निळा घुमट अजून होता. शेवटची काही मिनिटं उरली होती. माझ्या फोनवर नवी ढाल विकत घ्यायचं बटण समोर होतं. अंगठा त्यावर बराच वेळ राहिला.

घुमट विझला. तट उघडे पडले. आत बाबांचं धान्य, नीट रचलेलं.

उम्म रजब मोरीत कप विसळत होती. ती ऐकेल, याची मला पर्वा नव्हती.

"बाबा," मी मोठ्याने म्हणाले, "सक्र मीच होते. मला वेळ होता."